पेठ, तालीम आणि ठाणे

कोल्हापुरात पोलीस आणि लोक यांचे नाते पेठेतून आणि तालमीतून घडत आले आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ अशा जुन्या वस्त्यांत जवळजवळ प्रत्येक गल्लीला स्वतःची तालीम किंवा तरुण मंडळ आहे. एके काळी तिथे लाल मातीचा हौदा असे. आज कित्येक ठिकाणी तो बुजला, पण तालमीचे बाकीचे काम थांबलेले नाही. गणपती तिथेच बसतो, मोहरमचा पंजाही अनेक तालमींत बसतो, फुटबॉलचा संघ तिच्याच नावाने शाहू स्टेडियमवर उतरतो, गल्लीतले भांडण तिच्याच कट्ट्यावर मिटते आणि मयताला खांदा द्यायला तिथलीच पोरे धावतात. जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी किंवा राजारामपुरी ठाण्यात नव्याने हजर झालेल्या अंमलदाराला हद्दीचा नकाशा पाठ होण्याआधी तालमींची नावे पाठ करावी लागतात.

ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते. बीटवरच्या हवालदाराकडे जी कामे येतात ती कागदावर किरकोळ दिसतात: समन्स बजावणे, पासपोर्टची आणि चारित्र्याची पडताळणी, भाडेकरूंची नोंद, अदखलपात्र तक्रारींची चौकशी, तडीपार केलेला माणूस गुपचूप परत आला आहे का यावर नजर. पण ज्यांनी बीटवर वर्षे काढली त्यांचा अनुभव असा की हद्द कळते ती याच कामांतून. समन्स घेऊन गेलेल्याला चहा मिळतो, चहाबरोबर गल्लीत नव्याने आलेल्या सावकाराची गोष्ट निघते, उंबऱ्यावर उभी असलेली म्हातारी शेजारच्या सुनेला रोज मारहाण होते हे हळूच सांगते. ठाण्यात येऊन लेखी तक्रार द्यायला यांतले कोणीही तयार नसते. गाडीतून गस्त घालणाऱ्या पथकाला हे कधीच कळत नाही, कारण गाडीची काच खाली करून कोणी असे बोलत नाही.

लोकांचा पोलिसांवरचा राग ज्या ठिकाणी सर्वांत जास्त साठतो ते ठिकाण म्हणजे ठाणे अंमलदाराचे टेबल. शेजाऱ्याने शिवीगाळ केली, बांधावरून हमरीतुमरी झाली, दारात गाडी लावण्यावरून धक्काबुक्की झाली, अशा तक्रारी घेऊन माणूस येतो. त्यातल्या बऱ्याच अदखलपात्र ठरतात. कायद्याने अशा प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. तक्रारदाराला मात्र हे कोणी समजावून सांगत नाही. त्याच्या हातात अदखलपात्र नोंदीचा, म्हणजे एनसीचा, कागद पडतो आणि तो घरी जाऊन सांगतो, ‘एनसी करून घालवून दिलं.’ याच टेबलावरचा अंमलदार दहा मिनिटे काढून दखलपात्र म्हणजे काय, पुढे न्यायालयात अर्ज कसा करायचा, गुन्हा दाखल झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, महिलेला आणि ६० वर्षांवरच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, एवढे सांगतो तेव्हा निम्मा राग तिथेच उतरतो. समाजाभिमुख पोलिसिंगच्या नावाने मेळावे भरतात, फलक लागतात. त्या सगळ्यापेक्षा ही दहा मिनिटे मोलाची आहेत.

अविश्वास कायद्याच्या पोटातही आहे, हे विसरून चालत नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५व्या कलमाने ठरवले. मारहाण करून कबुली घेतली जाईल ही भीती त्यामागे होती. दीडशे वर्षांनी नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी ती तरतूद काढून टाकण्याइतका बदल झालेला नाही. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सहीही घेत नाहीत. राज्यसंस्थेनेच ज्या खात्याच्या शब्दावर पुरता भरवसा ठेवला नाही, त्या खात्यावर गल्लीतल्या माणसाने सहज भरवसा ठेवावा ही अपेक्षा मोठी आहे. तो भरवसा एकेका अंमलदाराला आपल्या वागण्यातून कमवावा लागतो, आणि त्याची बदली झाली की पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या बाबतीत कोल्हापूरला एक वेगळी परंपरा आहे. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. पुरुषांना ठराविक वेळी चावडीवर हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवानगी लागे. करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये ही हजेरीची पद्धत बंद केली. ज्यांच्याकडे सारा मुलूख संशयाने पाहत होता त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याची कामे दिली. स्वतंत्र भारतात तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. पारधी वस्तीवर चोरीच्या संशयाने आजही पहिली धाड पडते, म्हणून बीट सांभाळणाऱ्या प्रत्येकाला शाहूंचा तो निर्णय ठाऊक असायला हवा. संशयाने घेरलेल्या समाजाला पहाऱ्यात भागीदार करून घेणे हा प्रयोग या शहराच्या राजाने शंभर वर्षांपूर्वी करून पाहिला आहे.

ग्रामीण भागात तालमीची जागा पोलीस पाटील घेतो. वंशपरंपरागत पाटीलकी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने शासनाने नेमलेला पोलीस पाटील आला. बारा तालुक्यांच्या या जिल्ह्यात गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड असे डोंगराळ तालुके आहेत. पावसाळ्यात एकेका वाडीपर्यंत ठाण्याची गाडी पोचायला वेळ लागतो. तिथे अनोळखी मृतदेह सापडला, कोणी विहिरीत पडले, दोन भावांत कोयते निघाले, की पहिला फोन पोलीस पाटलाचाच असतो. चांगला पोलीस पाटील ठाण्याला बातमी देतो आणि गावाला ठाण्याची भीती वाटू देत नाही. वाईट पोलीस पाटील एका गटाचा माणूस होऊन बसतो, आणि मग दुसरा गट ठाण्यालाही त्याच गटाचे समजतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातील दिवाणी, महसुली आणि तडजोडपात्र फौजदारी तंट्यांची नोंद करायची, ते सामोपचाराने मिटवायचे, आणि मूल्यमापनात उतरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार पुरस्कार मिळायचा, अशी ती योजना. बांधाचे, वाटेचे, पाण्याच्या पाळीचे कित्येक जुने दावे तिने मिटवले हे खरे. उसाच्या पट्ट्यात बांधावरचा एक फूटही मोलाचा असतो आणि असे दावे दोन-दोन पिढ्या चालतात. ते चावडीवर मिटले याचे महत्त्व गावाबाहेरच्याला समजणार नाही. पण मोहिमेची एक काळी बाजूही ठाण्यात काम करणाऱ्यांनी पाहिली आहे. पुरस्काराच्या आशेने समिती तक्रारदारावर माघारीचा दबाव आणी. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन निघालेल्या बाईला ‘गावाचे नाव खराब होईल’ म्हणून थांबवले जाई. तंटा मिटला आणि अन्याय दडपला गेला, यांतला फरक ओळखण्याची जबाबदारी समितीवर सोडता येत नाही. ती ठाण्याने घ्यायची असते.

सण हे कोल्हापूरच्या पोलिसाचे खरे वार्षिक परीक्षेचे दिवस आहेत. अनंत चतुर्दशीला खासबागेपासून मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश असा मिरवणुकीचा मार्ग दुसऱ्या दिवसापर्यंत वाहत असतो. कुठले मंडळ कुणाच्या पुढे, कुणी कुठे किती वेळ थांबायचे, यावरून मारामाऱ्या झालेल्या आहेत. म्हणून विसर्जनाच्या कितीतरी आधी ठाण्यात बैठका सुरू होतात. या बैठकांत अधिकारी बोलतात आणि कार्यकर्ते माना हलवतात. खरे ठरते ते बैठकीनंतर, बाहेर पायऱ्यांवर. मंडळाचा अध्यक्ष कोण हे पत्रकावर छापलेले असते, पण पोरे ऐकतात ते दुसऱ्याच कुणाचे तरी. तो कोण हे बीटच्या हवालदाराला ठाऊक असते. त्याच्याशी बोलणे झाले असेल तर मिरवणुकीत गाडा एका इशाऱ्यावर पुढे सरकतो. त्या बोलण्यात एक मुद्दा हमखास असतो. या पेठांतली आणि आसपासच्या गावांतली असंख्य पोरे सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करतात. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तो दिसतो आणि धावण्यात पहिला आलेला मुलगा घरी बसतो. हवालदार हे धमकी म्हणून सांगतो की काळजीने सांगतो, हे पोरांना बरोबर कळते.

आवाजाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डॉल्बीच्या भिंती तिच्या कितीतरी पलीकडे जातात. २०१७ मध्ये विश्वास नांगरे-पाटील कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असताना डॉल्बीमुक्त गणेशोत्सवासाठी जिल्ह्यात मोठी मोहीम झाली. मंडळांची मनधरणी झाली, तणाव झाला, गुन्हेही दाखल झाले, आणि अनेक मंडळे ढोल-ताशा, झांजपथक, लेझीम या जुन्या वाद्यांकडे वळली. पुढच्या काही वर्षांत डॉल्बी परतली. वरिष्ठाच्या आग्रहावर उभी राहिलेली शिस्त त्याच्या बदलीनंतर किती टिकते, याचे हे उदाहरण आहे. ज्या तालमींनी स्वतःच्या सभेत ठराव करून डॉल्बी नाकारली, तिथेच ती शिस्त रुजते.

धर्माच्या बाबतीत या शहराची जुनी घडी अभिमान वाटावा अशी आहे. बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी गणपती आणि पंजा यांची प्रतिष्ठापना एकाच छताखाली होते. चांद्र पंचांगामुळे मोहरम दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो आणि ३२-३३ वर्षांनी तो गणेशोत्सवात येतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षे हे दोन्ही एकत्र आले. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसवण्याची प्रथा आहे. बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला कागदावर हा संवेदनशील काळ दिसतो. स्थानिक हवालदाराला माहीत असते की पंजासमोर नवस बोलणारी निम्मी माणसे हिंदू आहेत.

तरीही ७ जून २०२३ घडले. आदल्या दिवशी, शिवराज्याभिषेक दिनी, काही तरुणांनी मोबाईलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून बंदची हाक दिली गेली, जमाव जमला, दगडफेक झाली, दुकानांची मोडतोड झाली. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणाच्या आंदोलनात पायथ्याकडच्या गजापुरात घरांची आणि मशिदीची तोडफोड झाली. पोलिसांच्या बंदोबस्तावर उच्च न्यायालयात प्रश्न विचारले गेले. या दोन्ही घटना कोल्हापूरच्या पोलिसांनी आणि नागरिकांनी पुनःपुन्हा तपासून पाहाव्यात अशा आहेत. शांतता समितीच्या यादीत जी प्रतिष्ठित मंडळी आहेत त्यांचा शब्द त्या जमावापर्यंत पोचलाच नाही. समिती वर्षातून दोनदा सणांच्या तोंडावर भरते, फोटो निघतो, चहा होतो आणि यादी पुन्हा कपाटात जाते. त्या यादीत पंचविशीच्या आतले तरुण जवळजवळ नसतात, आणि दगड उचलणारे हात त्याच वयाचे असतात. मोबाईलवरचा संदेश मिनिटांत पसरतो. त्याला उत्तर देणारा विश्वासाचा माणूस गल्लीत आधीपासून हजर नसेल, तर बंदोबस्त कितीही वाढवला तरी तो उशिराच पोचतो.

भिवंडीचा धडा इथे उपयोगी पडतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे त्यांत घेतली आणि जबाबदारी शिपाई-हवालदारांकडे दिली. समित्या वर्षभर भेटत राहिल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. केरळने २००८ मध्ये जनमैत्री प्रकल्प सुरू केला तेव्हा त्याचाही गाभा हाच होता: ठरलेल्या अंमलदाराने ठरलेल्या भागातल्या घराघरात जायचे. कोल्हापुरात यासाठी नवी रचना उभारण्याची गरजही नाही. तालमींचे जाळे तयार आहे. ठाण्याने तिथे सणाव्यतिरिक्तच्या दिवसांतही जायला हवे.

तसे गेल्याने काय होते हे संकटात दिसते. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस शिवाजी पुलावरून पंचगंगेत कोसळली आणि १३ जण दगावले. त्या अंधारात आसपासच्या पेठांतले तरुण पाण्यात उतरले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावे रिकामी करावी लागली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पुरात पोलिसाचे सर्वांत अवघड काम बोट वल्हवणे नसून घर सोडायला तयार नसलेल्या माणसाला बोटीत बसवणे असते. जनावरांची सोय झाल्याशिवाय शेतकरी हलत नाही, आणि रिकाम्या घरात चोरी होईल ही धास्ती असते. ओळखीचा अंमलदार ‘मी रात्री फेरी मारतो, तुम्ही चला’ म्हणतो तेव्हा दार ओढले जाते. व्हाईट आर्मीसारख्या संस्था, तालमी, साखर कारखाने आणि पोलीस त्या दिवसांत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून राबले.

आंदोलनांतही हाच ओळखीचा धागा उपयोगी पडतो. टोलविरोधी लढा वर्षानुवर्षे चालला. एन. डी. पाटील यांच्यासारखे वडीलधारे नेते अग्रभागी होते, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटलेही, आणि २०१५ च्या अखेरीस टोल गेला. ऊसदराच्या आंदोलनात महामार्गावर बसलेला शेतकरी आणि त्याच्यासमोर काठी घेऊन उभा असलेला शिपाई, दोघेही बऱ्याचदा उसाच्याच घरातले असतात. दिवसभर दोघे समोरासमोर उभे राहतात आणि रात्री एकाच एसटीने गावाकडे जातात.

तालमीच्या या जाळ्याला मोठे भोकही आहे. तालीम पुरुषांची आहे. मुलींना, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आलेल्या परप्रांतीय कामगारांना तिचा कट्टा उपयोगाचा नाही. २०१६ मध्ये कोल्हापूर परिक्षेत्रात निर्भया पथके सुरू झाली, ती मुलींसाठी थेट ठाण्यापर्यंतची वाट होती. महाविद्यालयाबाहेर उभ्या राहणाऱ्या टोळक्यांवर त्यांचा वचक बसला. मात्र अशा पथकाने दिसेल त्या जोडप्याला हटकायला सुरुवात केली की मुलीच त्याला टाळू लागतात. ११२ क्रमांकावर फोन करून मदत मागणाऱ्या बिहारी कामगाराशी हिंदीत धीराने बोलणारा अंमलदार मिळणे, हेही तितकेच गरजेचे आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी प्रशासकीय गोष्ट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे उपनिरीक्षक ते निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा एका ठाण्यातील सर्वसाधारण कार्यकाळ २ वर्षांचा, जिल्ह्यातील ४ वर्षांचा. अंमलदाराचा एका ठिकाणचा ५ वर्षांचा. म्हणजे ठाण्याची स्मरणशक्ती अधिकाऱ्याकडे राहत नाही, ती अंमलदाराकडे राहते. त्याच अंमलदाराला बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, कैद्यांची ने-आण, न्यायालयाचे हेलपाटे यांतून बीटवर जायला वेळ उरत नाही. त्याचे बीटवरचे तास बंदोबस्तासाठी कापले जाऊ नयेत, एवढी एक गोष्ट जरी वरिष्ठांनी पाळली तरी बाकीच्या अनेक मोहिमांची गरज उरणार नाही. तो जास्त काळ राहिला की हितसंबंध तयार होतात, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय देखरेखीचा आहे, सारख्या बदल्यांचा नाही.

नागरिकांकडूनही एक अपेक्षा आहे. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज मिळाला. त्या स्मरणार्थ दरवर्षी २ ते ८ जानेवारीला रेझिंग डे सप्ताह होतो आणि शाळकरी मुले ठाणे पाहायला जातात. त्या आठवड्यात मुलांबरोबर पालकांनीही जावे, आपल्या बीटच्या अंमलदाराचे नाव विचारावे, त्याचा फोन क्रमांक लिहून घ्यावा आणि आपल्या गल्लीच्या फलकावर लावावा.